एक शब्द ‘चार्ज’, अर्थ मात्र अनेक

इंग्रजी शाळेत कधी पाऊल न टाकलेल्या आपल्या माता-भगिनीसुद्धा दिवसातून दहा-वीस इंग्रजी शब्द सहज बोलून जातात. टाइम, पगार-स्लिप, रेशन, रिपोर्ट हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. त्यातलाच एक शब्द म्हणजे ‘चार्ज’. सकाळी उठल्याबरोबर पोरगा ओरडतो, “आई, माझा मोबाइल चार्जिंगवरून कोणी काढला?” घरमालक सांगतो, “पाण्याचे चार्जेस वेगळे.” पासबुक छापून आणावे, तर त्यात कुठले तरी चार्जेस कापलेले दिसतात. कारखान्यात नवा सुपरवायझर येतो आणि म्हणतो, “आजपासून या खात्याचा चार्ज माझ्याकडे आहे.” मोर्चावर लाठीचार्ज होतो. आणि एखाद्या दुपारी पोस्टमन रजिस्टरचे पाकीट देऊन जातो. शिकलेली मुलगी ते फोडून वाचते, ‘चार्जशीट’. त्या संध्याकाळी त्या घरात चूल पेटत नाही.

शब्द एकच आहे. कुठे तो पाच-दहा रुपयांचा असतो, कुठे मानाचा असतो, तर कुठे भाकरीवर येणारा असतो. तो आपल्या तोंडात बसला, पण त्याचा पूर्ण अर्थ आपल्या डोक्यात बसलेला नाही, असे आमचे मत आहे. आणि ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही, त्या शब्दाची भीती वाटते. भ्यायलेला माणूस सही करतो, पैसे भरतो किंवा गप्प बसतो. म्हणून या आठवड्यात आपण या एकाच शब्दाची फोड करून पाहू.

मूळ अर्थ : ओझे

लॅटिन भाषेत गाडीला ‘कॅरस’ म्हणत. त्यावरून गाडीत माल भरणे, ओझे लादणे या अर्थाचे क्रियापद झाले. ते जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आले आणि ‘चार्ज’ झाले. जहाजातल्या मालाला ‘कार्गो’ म्हणतात, तो याच घराण्यातला शब्द. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे, हाही त्याचाच भाऊबंद. आपण ज्याला ‘कार’ म्हणतो तीही याच गोतावळ्यातली.

एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे अर्थ आपोआप उलगडतात. बंदुकीत दारू भरली, तो चार्ज. बॅटरीत वीज भरली, तो चार्ज. माणसाच्या अंगावर काम टाकले, तो चार्ज. खिशावर खर्च टाकला, तो चार्ज. माथ्यावर आरोप ठेवला, तोही चार्जच. सैन्य शत्रूवर तुटून पडते त्यालाही चार्ज म्हणतात आणि त्यावरूनच आपल्याकडे ‘लाठीचार्ज’ हा शब्द तयार झाला. नामांतराच्या लढ्यात १९७८ ते १९९४ या काळात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांना या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागला नाही.

गंमत अशी की आपल्या मराठीतही नेमके हेच झाले आहे. आपल्याकडे ‘भार’ हा शब्द आहे. त्यावरून पदभार, कार्यभार, प्रभारी हे शब्द झाले. विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतप्रभार’ आहे. सातबारावर ‘बोजा’ आहे. म्हणजे इंग्रजांनी जे गाडीवरच्या ओझ्याचे केले, तेच आपण डोक्यावरच्या ओझ्याचे केले. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर ओझी वाहिली, त्यांना हा शब्द समजायला अवघड जाऊ नये.

चार्ज म्हणजे जबाबदारी

आम्ही कारकून माणसे. आमच्या जगात ‘चार्ज घेणे’ आणि ‘चार्ज देणे’ यांना फार महत्त्व. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बदली झाली की जाणाऱ्याने फायली, रजिस्टरे, किल्ल्या, शिक्के, पावती पुस्तके आणि रोख शिल्लक यांची यादी करायची, येणाऱ्याने ती मोजून घ्यायची आणि दोघांनी सह्या करायच्या. याला चार्ज रिपोर्ट म्हणतात. दुसऱ्या जागेचे काम तात्पुरते अंगावर पडले तर तो ‘अॅडिशनल चार्ज’ म्हणजे अतिरिक्त कार्यभार. पोलीस ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला कायद्यात ‘ऑफिसर इन चार्ज’ म्हणजे प्रभारी अधिकारी म्हटले आहे.

ही पद्धत आपण आपल्या सामाजिक कामात का आणत नाही? बुद्ध विहाराची कमिटी बदलते, जयंती उत्सव मंडळाचे पदाधिकारी बदलतात. जुने सेक्रेटरी म्हणतात, “सगळे दिले.” नवे म्हणतात, “काहीच मिळाले नाही.” पावती पुस्तक कुणाच्या घरी, माइक कुणाच्या माळ्यावर, बँकेतली सही कुणाची, काही पत्ता नसतो. मग भांडणे होतात आणि एका वस्तीत दोन जयंत्या निघतात. एक साधा कागद, त्यावर वस्तूंची यादी, शिल्लक रक्कम, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार एवढे केले तर निम्मी भांडणे मिटतील. समाजाचा पैसा हा ज्याच्या हाती असतो त्याचा नसतो, तो त्याच्या चार्जमध्ये असतो. हा फरक प्रत्येक कार्यकर्त्याने ओळखला पाहिजे.

चार्ज घेणे म्हणजे खुर्ची घेणे नव्हे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या वागण्यातून दाखवून दिले. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कार्यभार त्यांच्याकडे होता. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती ही त्यांच्याच खात्याच्या काळातली. पुढे कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिल त्यांच्याकडे होते. संसदेच्या भाषेत जो बिल मांडून पुढे नेतो त्याला ‘मेंबर इन चार्ज’ म्हणतात. ते बिल पुढे नेऊ दिले जात नाही असे दिसले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. जबाबदारी पार पाडता येत नसेल तर पद कशाला, हा त्यामागचा विचार होता.

चार्ज म्हणजे आकार

आता खिशाकडे येऊ. सरकारी मराठीत या चार्जला ‘आकार’ किंवा ‘शुल्क’ म्हणतात. विजेचे बिल हातात घ्या. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. स्थिर आकार म्हणजे फिक्स्ड चार्ज. एक दिवा लावला नाही तरी तो भरावा लागतो. वीज आकार हा वापरलेल्या युनिटवर असतो. वहन आकार म्हणजे वीज आपल्या दारापर्यंत वाहून आणण्याचा खर्च. बिल जास्त आले की आपण मीटरला दोष देतो, पण कुठली ओळ वाढली ते पाहत नाही. दोन महिन्यांची बिले शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहावी. दहावीतल्या मुलाला हे काम द्यावे, त्याचे गणितही सुधारेल.

बँकेतल्या चार्जेसबाबत काही गोष्टी प्रत्येक घराला माहीत असाव्यात. जनधनचे खाते किंवा बेसिक बचत खाते असेल तर त्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते, त्यामुळे ‘शिल्लक कमी पडली’ म्हणून त्यातून दंड कापता येत नाही. साध्या बचत खात्यातही केवळ असा दंड कापून खाते शून्याच्या खाली नेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा आदेश आहे. एटीएमवर ठराविक वेळा पैसे काढणे फुकट असते. त्यानंतरच्या प्रत्येक वेळेस १ मे २०२५ पासून बँकेला २३ रुपयांपर्यंत आकार घेता येतो. म्हणून पाचशे-पाचशे रुपये पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच हिशेबाने काढावेत.

कर्जाचे चार्जेस हा तर आमच्या बचत गटाच्या भगिनींचा रोजचा प्रश्न आहे. हप्ता चुकला की पूर्वी बँका आणि फायनान्स कंपन्या व्याजाचा दर वाढवून दंडव्याज लावत आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज घेत. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढून हे बंद केले. आता दंड लावायचा तर तो ‘पीनल चार्ज’ म्हणून वेगळा दाखवावा लागतो आणि त्यावर व्याज चढवता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जात तर २०२२ च्या नियमाप्रमाणे दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर लावता येतो, सगळ्या कर्जावर नाही. आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर त्याबद्दल दंड घेता येत नाही. वसुलीला येणारा माणूस चढ्या आवाजात बोलू लागला, की आपण फक्त एवढेच म्हणावे, “हे चार्जेस कशाचे आहेत ते कागदावर लिहून द्या.” या एका वाक्यात फार ताकद आहे.

लग्नकार्यात, वाढदिवसाला हॉटेलात गेलो तर बिलाच्या खाली ‘सर्व्हिस चार्ज’ दिसतो. तो सरकारी कर नव्हे. ग्राहकाच्या मर्जीशिवाय तो बिलात घालू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. वाढप्याला खुशीने दहा-वीस रुपये द्यावेत, तोही आपल्यासारखाच कामगार आहे. पण जबरदस्तीचे देऊ नयेत.

फ्री ऑफ चार्ज : हे मागून घ्या

‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य. आपल्या हक्काच्या कितीतरी गोष्टी कायद्याने विनामूल्य आहेत, पण माहिती नसल्यामुळे आपण त्यासाठी पैसे मोजतो.

पोलिसांत फिर्याद दिली की तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नसतात. माहितीच्या अधिकारात दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी लागत नाही, आणि कार्यालयाने मुदतीत माहिती दिली नाही तर नंतर ती कोणालाही विनामूल्यच द्यावी लागते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतून उपचार विनामूल्य केलेले आहेत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला अशा वेळी हाताशी हवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या बांधवांना अनुसूचित जातींचे संरक्षण मिळाले, त्यात हेही येते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे साध्या कागदावर अर्ज द्यावा.

जमिनीवरचा चार्ज

गावाकडे ज्यांची एक-दोन एकर जमीन आहे त्यांनी हा अर्थ विसरू नये. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढले की त्या रकमेचा चार्ज जमिनीवर चढतो. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तो ‘बोजा’ म्हणून लिहिला जातो. वडिलांनी कर्ज फेडले, पण बोजा कमी करून घेतला नाही, असे आपल्यात सर्रास आढळते. वीस वर्षांनी मुले वाटणीला किंवा नव्या कर्जाला जातात, तेव्हा सातबारा अडवतो. तोवर पावत्या उंदरांनी खाल्लेल्या असतात. म्हणून कर्ज फिटले त्याच महिन्यात बेबाकीचा दाखला घ्यावा, तलाठी कार्यालयात अर्ज देऊन बोजा कमी करून घ्यावा आणि नवा सातबारा काढून डोळ्यांनी पाहावा. पैसे फिटले म्हणजे बोजा उतरला असे नव्हे. तो कागदावरूनही उतरला पाहिजे.

संविधानातला चार्ज

आपल्या भारतीय संविधानात हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी आलेला आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो कुणाच्या तरी संरक्षणासाठी आहे.

पहिली जागा अनुच्छेद ११२. सरकारचा दरवर्षीचा खर्च संसदेच्या मताला टाकावा लागतो. पण काही खर्च भारताच्या संचित निधीवर ‘चार्ज’ केलेला असतो. मराठीत त्याला भारित खर्च म्हणतात. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, भत्ते व पेन्शन, महालेखापरीक्षकांचे वेतन हा असा खर्च आहे. अनुच्छेद ११३ प्रमाणे त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होऊ शकत नाही. राज्यांसाठी अनुच्छेद २०२ मध्ये अशीच तरतूद आहे आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन त्यात येते. कारण उघड आहे. न्यायाधीशाने सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून त्याचा पगार मताला टाकून कुणी अडवू नये. ज्याचा पगार दुसऱ्याच्या रागलोभावर अवलंबून आहे तो न्याय कसा देणार? हे पगारावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरी जागा अनुच्छेद ३११. सरकारी सेवेतील कायम कर्मचाऱ्याला त्याच्यावरचे चार्जेस, म्हणजे दोषारोप कळवल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, पदावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. काही अपवाद आहेत, पण नियम हा आहे. म्हणजे न्यायाधीशाच्या पगाराचे रक्षण करणारा शब्द आणि शिपायाच्या नोकरीचे रक्षण करणारा शब्द संविधानात एकच आहे.

चार्ज म्हणजे आरोप

आता त्या रजिस्टरच्या पाकिटाकडे वळू. आमच्या माहितीतील एका सफाई कामगार बांधवाला गैरहजेरीबद्दल खात्याचे चार्जशीट आले. नोकरी गेली असेच ते समजले. लाजेपोटी त्यांनी ते कोणाला दाखवले नाही, उत्तरही दिले नाही. मुदत निघून गेली, चौकशी एकतर्फी झाली आणि नोकरी खरोखरच गेली. त्या गैरहजेरीच्या दिवसांत ते दवाखान्यात भरती होते. भरती झाल्याचे आणि सुट्टी मिळाल्याचे दोन्ही कागद घरातल्या ट्रंकेत जसेच्या तसे होते. ते कोणी मागितले नाहीत आणि यांनी दाखवले नाहीत. मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण दोन वर्षे थांबले. एका शब्दाचा अर्थ न कळल्याची ही किंमत आहे.

म्हणून हे पक्के लक्षात ठेवावे : चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे. चार्जशीट म्हणजे विचारलेला प्रश्न. त्याला उत्तर देण्याचा आपला हक्क आहे. खात्याचे चार्जशीट आले तर मिळाल्याची तारीख त्यावर लिहावी. उत्तराची मुदत किती आहे ती पाहावी. ज्या कागदांच्या आधारे आरोप ठेवले त्यांच्या प्रती आणि साक्षीदारांची यादी लेखी मागावी. वेळ कमी पडत असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदतीच्या आत द्यावा. प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर द्यावे. युनियनच्या जाणकार माणसाला किंवा वकिलाला दाखवल्याशिवाय ‘चूक झाली, माफ करा’ असे लिहून देऊ नये. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

पोलिसांचे चार्जशीट वेगळे. फिर्याद नोंदवली म्हणजे तपास सुरू झाला. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात दोषारोपपत्र देतात. ते वाचून कोर्ट आरोप निश्चित करते, त्याला ‘चार्ज फ्रेम’ होणे म्हणतात. त्यानंतर साक्षीपुरावे आणि शेवटी निकाल. या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या माणसाला वस्तीने गुन्हेगार ठरवू नये. वस्तीत पोरे उचलून नेली तर घरच्यांनी दिवस मोजावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जुनी तरतूद कायम आहे. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याच्या आधी करावा लागतो.

आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे त्यांच्यासाठी तर हे दोषारोपपत्र म्हणजे लढ्याचा कणा आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे तपास करून विशेष न्यायालयात दोषारोपपत्र ६० दिवसांच्या आत गेले पाहिजे. अर्थसहाय्यही टप्प्याटप्प्याने याच्याशी जोडलेले आहे. अनेक गुन्ह्यांत २५ टक्के रक्कम फिर्याद नोंदवल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर आणि २५ टक्के आरोपींना शिक्षा झाल्यावर मिळते. म्हणजे दोषारोपपत्र लांबले की न्यायही लांबतो आणि मदतही लांबते. गावातले वजनदार लोक याच काळात ‘मिटवून टाका’ म्हणून घिरट्या घालतात. अशा कुटुंबाला कार्यकर्त्यांनी या ६० दिवसांत एकटे सोडू नये. कॅलेंडरवर खूण करून ठेवावी आणि दर आठवड्याला तपास अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी.

खोट्या आरोपाला उत्तर कसे द्यावे, हेही बाबासाहेबांकडून शिकावे. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या त्यांच्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथातील सातव्या प्रकरणाचे नावच ‘अ फॉल्स चार्ज’ म्हणजे खोटा आरोप असे आहे. अस्पृश्य हे इंग्रजांच्या हातातले हत्यार आहेत, असा तो आरोप होता. त्यांनी तो ऐकून सोडून दिला नाही आणि नुसता संतापही केला नाही. एक सबंध प्रकरण लिहून पुराव्यानिशी तो खोडून काढला. चार्जशीटला उत्तर द्यायचे ते असे.

डिस्चार्ज म्हणजे ओझे उतरणे

‘चार्ज’च्या आधी ‘डिस’ लावले की ओझे उतरते. दवाखान्यातून घरी सोडले, तो डिस्चार्ज. त्या वेळी मिळणारे डिस्चार्ज कार्ड आयुष्यभर जपावे. आजाराचे नाव, भरतीची आणि सुट्टीची तारीख त्यावर असते, आणि रजेच्या अर्जापासून विम्यापर्यंत ते उपयोगी पडते. खटला पुढे चालवण्याइतका पुरावा नाही म्हणून कोर्टाने आरोपीला आरोप निश्चित होण्याआधीच सोडले, तोही डिस्चार्ज. खटला चालून निर्दोष ठरणे त्याहून वेगळे, त्याला ‘अॅक्विटल’ म्हणतात. बॅटरी उतरली, तीही डिस्चार्ज झाली.

विद्यार्थ्यांसाठी थोडेसे

मुलामुलींनो, इंग्रजीत या शब्दापुढे कोणते अव्यय येते त्यावर अर्थ ठरतो. ‘चार्ज फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीचे पैसे घेणे. ‘चार्ज विथ’ म्हणजे गुन्ह्याचा आरोप ठेवणे. ‘चार्ज अॅट’ म्हणजे अंगावर धावून जाणे. ‘चार्ज टू’ म्हणजे कुणाच्या खात्यावर खर्च टाकणे. ‘ऑन अ चार्ज ऑफ’ म्हणजे अमुक आरोपावरून. वर्तमानपत्रात ‘चार्ज्ड अॅटमॉस्फिअर’ वाचले तर समजावे की वातावरण तापलेले होते.

सर्वांत फसवी जोडी म्हणजे ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. शिक्षिका वर्गाच्या ‘इन चार्ज ऑफ’ असते, म्हणजे वर्ग तिच्या ताब्यात आहे. वर्ग मात्र शिक्षिकेच्या ‘इन द चार्ज ऑफ’ असतो, म्हणजे तिच्या देखरेखीखाली आहे. मधल्या एका लहानशा ‘द’ने मालक आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते.

पैशाचेही शब्द वेगवेगळे आहेत. वस्तूची ‘प्राइस’, बसचे ‘फेअर’, डॉक्टर-वकिलांची ‘फी’, नियम मोडल्याचा ‘फाइन’ आणि सेवेचा ‘चार्ज’. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर ‘ओव्हरचार्ज’ आणि ठरलेल्या आकारावर आणखी जादा आकार लावला तर ‘सरचार्ज’.

आपला भार

संयुत्त निकायात ‘भारसुत्त’ नावाचे एक छोटे सुत्त आहे. भगवान बुद्धांनी त्यात भार कोणता, तो वाहणारा कोण, तो उचलला कसा जातो आणि खाली ठेवला कसा जातो, हे सांगितले आहे. पाच उपादानस्कंध हा भार, तृष्णेने तो उचलला जातो आणि तृष्णेच्या क्षयाने तो खाली ठेवला जातो. तथागतांची पद्धत पाहा. ओझ्याला घाबरा असे त्यांनी सांगितले नाही. आधी ते नीट ओळखा, मग ते उतरवता येते, असा त्यांचा मार्ग आहे.

बिलावरचा आकार असो, सातबारावरचा बोजा असो की पाकिटातले चार्जशीट असो, आपणही तेच करावे. आधी कागद वाचावा, शब्द ओळखावा, मग पाऊल उचलावे. प्रत्येक वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ठेवावा. ज्यांच्या घरी कळत नाही असा कागद आला असेल त्यांनी तो आणावा आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी तो मोठ्याने वाचून सांगावा. आपल्यात आता पदवीधर कमी नाहीत. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांचा एवढा चार्ज घेतला, तर वस्तीतले कुठलेही पाकीट ट्रंकेत बंद राहणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!